घर राईपाशी नेलं

इतोमावशीनं आल्या दिवशीच झोपडीच्या खांबाला एक खिळा मारून घेतला आणि त्याला आपलं गाठोडं टांगलं. निळ्या सुती फडक्याचं, घट्ट गाठ मारलेलं. आत काय आहे ते सगळ्या वस्तीला ठाऊक होतं. मरणाची पांढरी वस्त्रं, एक जपमाळ आणि आपल्या मुलखाला, एच्चूला, परत जायच्या वाटेसाठी गवती चपलांचे दोन जोड. तीन वर्षं ते गाठोडं तिथंच लटकत होतं. चुलीच्या धुरानं निळ्याचं काळं झालं, पण गाठ काही सुटली नाही.

"मावशी, कधी निघायचं परत?" असं मी चेष्टेनं विचारलं, की ती दाराबाहेरच्या देवदाराच्या रोपांकडे बोट दाखवायची.

"ती जगली तर ऱ्हाते. न्हाई जगली तर थोरल्याकडं जाते. बिनराईच्या घरात मी मरायची न्हाई, उनोसुके."

थोरला म्हणजे तिचा मोठा मुलगा, एच्चूत वाडवडिलांच्या जमिनीवर होता. आमचा शेजारी तोमेजिरो हा धाकटा. धाकट्याच्या वाट्याला तिकडे काय, तर जन्मभर भावाच्या घरची हमाली. म्हणून बायकोला, सोयोला घेऊन तो इकडे, उत्तरेच्या होक्काइदो बेटावर आला. म्हातारीनं खरं तर तिकडेच राहायचं. पण थोरल्या सुनेशी तिचं पटत नव्हतं, आणि सोयोशी भांडायला तिला आवडायचं. आम्ही दक्षिणेकडच्या सानुकी मुलखाची माणसं त्याच बोटीत होतो. तोमेजिरोच्या पाठीवर देव्हारा आणि काखेत ओल्या शेवाळात गुंडाळलेली देवदाराची वीस रोपं. बोट हेलकावे खाऊ लागली तशी माझी बायको कामे भडाभडा ओकली, पण तिचा चुकून त्या रोपांवर पाय पडला तेव्हा म्हातारीनं तिला जे झापलं, त्यानंच तिची मळमळ थांबली असं ती अजून सांगते.

एच्चूची माणसं आमच्याहून वेगळी. त्यांच्याकडे गाव म्हणजे घरांचा पुंजका नसतो. ज्याचं त्याचं घर ज्याच्या त्याच्या शेतात, आणि घराभोवती वारा अडवायला देवदाराची दाट राई. 'वावर विकावं, राई विकू नये,' अशी त्यांची म्हणच आहे. इथं तोकाचीच्या माळावर सरकारनं दोरी लावून बारा-बारा एकरांचे चौकोन आखले होते आणि आमच्या अकरा झोपड्या रस्त्याच्या कडेला एका ओळीत बसवल्या होत्या. तीन वर्षांच्या आत सगळं रान तोडून पेरायचं. जेवढं तुटलं तेवढं तुमचं, जेवढं उभं राहिलं तेवढं सरकारजमा आणि पुढच्या माणसाला. नदीकाठी ऐनू लोक आमच्या आधीपासून राहत होते. त्यांनी कधी हे रान असं तासून काढलं नव्हतं. का, ते आम्ही त्यांना विचारलं नाही. त्यांची शिकारीची वाट आमच्या चौकोनातून जात होती, तेही आम्ही विचारलं नाही. आज त्याची लाज वाटते.

तेव्हा आम्ही तोडत सुटलो. रान सगळं काशिवाचं. बुटकी, वेडीवाकडी झाडं, साल बोटभर जाड. कुऱ्हाड मारली की हाताला झिणझिण्या यायच्या. एक खोड उपटायला दोन दिवस लागायचे, माझं घोडं एकीकडून ओढतंय आणि आम्ही दोघं पहारी घालून दुसरीकडून. आणि या झाडांची एक खोड अशी, की हिवाळ्यात पानं वाळतात पण गळत नाहीत. बर्फ पडो, वादळ येवो, सगळा हिवाळाभर ती तपकिरी पानं फांदीवर खडखड वाजत राहतात.

"मेली तरी पडायचं कळत न्हाई मेल्यांना," म्हातारी कातावायची. "आमच्या देवदाराला तोंड न्हाई. मुकाट उभा ऱ्हातो."

तोमेजिरोची गंमत ही, की तो दिवसभर जिवंत काशिवा पाडायचा आणि संध्याकाळी देवदारांना तान्ह्या पोरासारखं जपायचा. पहिल्या हिवाळ्यात सगळी रोपं गोठून मेली. थोरल्यानं बोटीनं पुन्हा वीस धाडली. त्यांना तोमेजिरोनं गवताच्या झुली घातल्या, तीही गेली. तिसऱ्या खेपेला खड्डे केले, खाली घोड्याची लीद घातली, वर झाकणं केली. आणि हे सगळं घराच्या नैर्ऋत्येला. का, तर एच्चूत वारा तिकडून येतो. इथला वारा पश्चिमेच्या डोंगरावरून सरळ खाली उतरतो हे तीन वर्षं तोंडावर खाऊनसुद्धा त्यानं जागा बदलली नाही.

"अरे, वारा हिकडनं येतोय नव्हं?" मी म्हणालो.

"आमच्याकडं राई नैर्ऋत्येलाच लावत्यात, उनोदादा."

"मग वाऱ्याला सांगून ये, तिकडनं ये म्हणून."

हसला, आणि लावली नैर्ऋत्येलाच. पालथ्या घड्यावर पाणी.

तिसऱ्या हिवाळ्याचं बर्फ वितळलं आणि त्यानं झाकणं काढली. वीसच्या वीस रोपं कोल्ह्याच्या शेपटीच्या रंगाची झाली होती. तो उकिडवा बसून एकेकाची काडी वाकवून बघत राहिला. कट, कट मोडत होत्या. म्हातारी दारात उभी होती. आत गेली, गाठोड्यावरची काजळी फुंकली आणि बाहेर येऊन म्हणाली, "शेंगा निघाल्या की शेवटच्या बोटीनं जाते."

तोमेजिरोनं मान वर केली नाही. सोयो मात्र विहिरीपाशी भांडी आपटत म्हणाली, "जा म्हणावं. मग भाजीत मीठ जास्ती म्हणून मला कोण बोलंल?"

मग मे महिन्यात पेरण्या झाल्या आणि वारा सुटला. दोन दिवस आणि दोन रात्री. आकाश पिवळं, रस्त्यापलीकडचं घर दिसेना, राळ्याच्या पेजेत घासाघासाला माती. तीन वर्षं जी झाडं पाडली त्यांनीच हा वारा अडवून धरला होता, हे तेव्हा पहिल्यांदा डोक्यात शिरलं. वारा पडला तसा मी शेतावर गेलो. माझं सोयाबीन रस्त्याच्या चरात एका रांगेत पडलेलं होतं, कुणी झाडून गोळा केल्यासारखं. वरची काळी माती गेली, खाली ज्वालामुखीची पिवळी राख. मी चराच्या कडेला बसून मूठ-मूठ बी वेचू लागलो. बाजूच्या चरात तोमेजिरो तेच करत होता. बोलायला लाज वाटत होती.

तेवढ्यात म्हातारीची हाक आली. शेताच्या पार टोकाकडून.

पश्चिमेच्या हद्दीवर काशिवाचा एक पट्टा उभा होता. वीस पावलं रुंद, या टोकापासून त्या टोकापर्यंत. तोमेजिरोनं तो शेवटी तोडायला ठेवला होता. म्हातारी नेहमी तिथल्याच कडेला पेरायची, का, तर वाऱ्यानं तिचे कान ठणकायचे. आम्ही गेलो तर ती मातीत हात घालून बसली होती.

"हे बघ. बी जाग्यावर हाय."

खरंच होतं. पट्ट्याच्या अलीकडे मोजून ऐंशी पावलं माती जशीच्या तशी. सऱ्यासुद्धा मोडल्या नव्हत्या. म्हातारीनं एक फांदी खाली ओढली. जुनं वाळकं पान अजून धरून होतं आणि त्याच्या देठापाशी नवी लव असलेली कळी त्याला ढकलत होती. तिनं बोट लावलं तसं जुनं पान हातात आलं.

"म्हंजे ह्यांचं असं हाय तर," ती म्हणाली. "नवं आल्याबिगर जुनं जागा सोडत न्हाई. आन् मी तीन वरसं शिव्या देतीया." मग लेकाकडे वळली. "तोमे, ही तोडायची न्हाईत."

"आई, असं कसं? बर्फ पडायच्या आत सरकारचा तपासनीस येतोय. उभं ऱ्हायलं ते सरकारजमा."

"होऊ दे."

"होऊ दे काय! दुसऱ्याला देतील. तो पयल्या दिशी कुऱ्हाड घालंल. मी तोडली तर वावर तरी आपलं होतंय."

त्याचं म्हणणं काही चुकीचं नव्हतं. एक घाव दोन तुकडे करावेत असं ते प्रकरण नव्हतंच. झाडं ठेवली तर जमीन जाते आणि जमिनीमागून झाडंही जातात. झाडं तोडली तर जमीन राहते, पण पुढच्या मे महिन्यात ती उडून जाते.

त्या दिवसापासून मायलेकांनी बोलणं टाकलं. दोघं एकाच चुलीपुढे, मध्ये तीन हातांचं अंतर, आणि सगळा व्यवहार सोयोच्या मार्फत.

"सोयो, तुज्या नवऱ्याला सांग, पेज निवती हाय."

"सोयो, आईला सांग, मला दिसतीया."

"मी काय तारवाली हाय का?" सोयो म्हणायची. "तुमी दोघं मायलेक, आन् तोंड माजं दुखतंय."

उन्हाळा मात्र चांगला गेला. आम्ही सगळ्यांनी दुसऱ्यांदा पेरलं. आज माझ्या शेतात सगळे, उद्या त्याच्या. उशिरा पेरलेलं पीक गुडघाभरच आलं, पण पट्ट्याच्या आडचं सोयाबीन माझ्या कमरेला लागत होतं. बटाटे चांगले पोसले, भोपळे झाले. कामेनं सानुकीसारख्या जाड शेवया केल्या आणि वाडगंभर सोयोकडे नेल्या. म्हातारी म्हणाली, "गांडुळं हायेत व्हय गं?" आणि दोन वाडगी खाल्ली.

सप्टेंबर निम्मा सरला. कडेचं सोयाबीन कापून त्याच्या गंजी लावून झाल्या आणि तोमेजिरो सकाळी माझ्याकडे आला. खांद्यावर मोठी करवत.

"चल, उनोदादा. आठ दिसांत तपासनीस येतोय."

करवत दोघांनी ओढायची, मला नाही म्हणता येईना. पट्ट्यापाशी पोचलो तर पहिल्या झाडाच्या बुंध्याला टेकून म्हातारी बसलेली. मांडीवर शेंगांची टोपली. सोलते आहे. आमच्याकडे बघतसुद्धा नाही. तोमेजिरो दुसऱ्या झाडाकडे गेला. तिनं टोपली उचलली आणि त्या झाडाला जाऊन टेकली. तिसऱ्याकडे गेलो, तिथंही तेच. चौसष्ट वर्षांची बाई, गुडघे दुखत होते, प्रत्येक वेळी उठताना झाडाला धरून उठायची. बाकीच्या शेतांतली माणसं कामं थांबवून बघायला लागली. कुणीतरी खिदळलं. तोमेजिरोचे कान लाल झाले.

"उनोदादा, आईला सांग, बाजूला हो म्हणावं."

"मी बरा सांगंन! तुजी आई, तू सांग."

आणि नेमक्या अशा वेळी, आठ दिवस आधीच, बांधावरून तपासनीस साहेब येताना दिसला. घोड्यावर, मागे दोरी आणि खुंट्या घेतलेला गडी. खाली उतरला, करवत पाहिली, म्हातारी पाहिली आणि म्हणाला, "हा पट्टा अजून उभाच आहे की. हे जंगल धरावं लागेल."

"आज तोडतो, साहेब," तोमेजिरो म्हणाला.

"जंगल कुटलं?" म्हातारी बसल्या जागेवरून म्हणाली. "ही आमच्या घराची राई हाय."

साहेब हसला. माणूस वाईट नव्हता. पायाला फोड आले होते म्हणून वैतागलेला, एवढंच. "आजी, तुम्हाला येऊन वर्षं झाली तीन. झाडं शंभर वर्षांची. राई लावली कुणी?"

"कुणीबी लावंना. घराभवतीची राई ती घराचीच."

"घराभोवतीची असती तर मी घरात धरली असती. आवार आणि राई घरातच मोजतात, तसा नियम आहे. पण तुमचं घर कुठे?" त्यानं छडीनं रस्त्याकडे दाखवलं. साडेतीनशे पावलांवर, झोपड्यांच्या रांगेत, तोमेजिरोचं घर आणि त्याच्यापुढे मेलेल्या देवदारांच्या वीस काड्या.

माझ्या अजून डोळ्यांपुढे आहे, तोमेजिरो घराकडे बघतोय, मग आईकडे, मग झाडांकडे. करवतीचं टोक त्यानं जमिनीला टेकवलं.

"घर हिथं हाय, साहेब," तो म्हणाला. "म्हंजे, येतंय."

"येतंय?"

"घर येतंय. राई तिकडं न्हाई आली, तर घर राईकडं येतंय. आमच्या मुलखात घर शेतातच असतंय."

साहेबानं गड्याकडे पाहिलं, गड्यानं आभाळाकडे. मग साहेबानं घोड्यावर टांग टाकली. "मी नदीच्या वरच्या अंगाला चाललोय. चौथ्या दिवशी याच वाटेनं परत येईन. घर दिसलं तर घर लिहीन. झाडं दिसली तर झाडं लिहीन."

तो गेला. तोमेजिरो आईसमोर जाऊन उभा राहिला.

"आई, ऊठ. घर हलवायचंय."

मे महिन्यानंतर तो तिच्याशी थेट बोललेला पहिला शब्द तो. म्हातारीनं हात पुढे केला आणि त्यानं तिला ओढून उभं केलं.

त्या तीन दिवसांत आमच्या अकरा घरांत कुणी स्वतःचं काम केलं नाही. त्या पट्ट्यानं काय राखलं होतं ते मे महिन्यात सगळ्यांनी पाहिलं होतं. समजावून सांगावं लागलं नाही. पहिल्या दिवशी छपराचं गवत उतरवलं, कुडाच्या भिंती सोडल्या. आत राहिला तो लाकडी सांगाडा. एच्चूच्या सुतारीत खिळा नसतो, सगळं खाचेत बसवलेलं. तोमेजिरोनं वासे आडवेतिडवे बांधून तो सांगाडा आवळला. वाटेत आझुकीचा, म्हणजे तांबड्या चवळीचा, एक तुकडा उभा होता, शेंगा अजून हिरव्या. सोयोनं विचारलंसुद्धा नाही, विळा घेऊन बसली आणि दुपारपर्यंत रस्ता मोकळा केला. दुसऱ्या दिवशी ओंडके ओढायच्या दोन घसरगाड्या खाली सारल्या, तीन घोडी जुंपली, आणि घर निघालं.

शंभर पावलं झकास गेलं. पोरंबाळं मागे, कुत्री पुढे, वरात निघाल्यासारखी. मग मऊ मातीत डाव्या बाजूची घसरगाडी रुतली आणि घर कललं. खांब करकरले. आम्ही बाराजण खांद्यानं टेकू देऊन उभे, माझ्या मानेवर तुळईचं टोक, पाय घोट्यापर्यंत आत. तोमेजिरो घोड्याच्या तोंडाशी ओरडत होता.

"ए तोम्या, लवकर कर! तुज्या घराखाली माजं मडं निघंल!"

"मग राईतच पुरतो की, उनोदादा! चांगली जागा हाय!"

हसू आलं आणि अंगातलं बळच गेलं. तरी घर उचललं गेलं, कसं ते देव जाणे. म्हातारी मागून येत होती. पाठीवर देव्हारा, गळ्यात गाठोडं. कुणालाही हात लावू दिला नाही. प्रत्येक पन्नास पावलांवर थांबायची, दम घ्यायची आणि म्हणायची, "हळू रं, हळू. घर हाय ते, ओंडका न्हाई."

तिसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत काशिवांच्या पुढ्यात घर उभं राहिलं. पाठ झाडांकडे, दार उगवतीला. अर्धं छप्पर अजून उघडंच होतं.

चौथ्या दिवशी साहेब आला तेव्हा त्या अर्ध्या छपरातून धूर निघत होता. सोयोनं चूल पेटवून बटाटे उकडले होते. त्यानं घोडा थांबवला आणि बराच वेळ नुसता बघत राहिला. मग आत आला, चुलीशी बसला, बटाटा सोलून मीठ लावून खाल्ला. वही काढली.

"हा पट्टा काय लिहू?"

सगळ्यांनी म्हातारीकडे पाहिलं. ती दाराशी बसली होती. तिनं तोमेजिरोकडे पाहिलं.

"घराची राई," तोमेजिरो म्हणाला.

साहेबानं लिहिलं. आणखी एक बटाटा मागितला.

तो गेल्यावर आम्ही पसरलेलं सामान आत लावू लागलो. देव्हारा, हंडे, लोणच्याचा बुधला. माझ्या हातात हातोडी होती. सोयोनं जुन्या खांबातला खिळा काढून जपून ठेवला होता. खांब आता वेगळ्या कोपऱ्यात गेला होता. गाठोडं अजून म्हातारीच्या गळ्यातच होतं.

"आई," सोयोनं विचारलं, "खिळा कुटं ठोकायचा?" आवाज सहज होता, पण खिळा तिनं मुठीत घट्ट धरला होता. शेवटची बोट जायला अजून पंधरा दिवस होते.

म्हातारीनं गाठोडं मांडीवर घेतलं. गाठ तीन वर्षांची, धुरानं कडक झालेली, नखांनी सुटेना. मग दातांनी सोडवली. पांढरी वस्त्रं आणि जपमाळ देव्हाऱ्याखालच्या खणात नीट ठेवली. "ही लागतील कवातरी," म्हणाली. गवती चपलांचा एक जोड तिनं सुनेपुढे सरकवला आणि दुसरा स्वतःच्या पायात चढवला.

"खिळा ठिवून दे, विळा टांगायला व्हईल," ती म्हणाली. "आन् हे फडकं घे. भायेर आझुकी ओली पडलीया, तिच्याखाली घाल. उभी काय ऱ्हायलीस गं? भाजीत मीठ बघ आधी."

सोयो फडकं घेऊन बाहेर गेली. ते पसरताना तिनं त्यातच तोंड पुसलं, तर गालावर काजळीचे पट्टे उमटले. तोमेजिरो हसायला लागला, मग मीही, आणि मागे काशिवाची वाळायला लागलेली पानं वाऱ्यावर खडखडू लागली. म्हातारीनं मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं.

"वाजा," ती म्हणाली. "वाजा रं मेल्यांनो. मी हाय ऐकायला."